अस्तराला विश्रांती

बांधकामावरच्या त्या उंच क्रेनच्या ऑपरेटरला एकाच गोष्टीची फुशारकी होती, आणि ती चारचौघांत सांगण्यासारखी नव्हती. तरी तो सांगायचा. सकाळी शिडी चढला की संध्याकाळपर्यंत तो लघवीला खाली उतरत नसे. उतरायला वीस मिनिटं, चढायला तीस. बाकीचे ऑपरेटर वर बाटली नेत, पण याला ते हलकं वाटे.

स्लॅबच्या दिवशी ही फुशारकी अंगाशी आली. काँक्रीट एकदा सुरू झालं की थांबवता येत नाही. बारा तासांनी तो घाईघाईने खाली आला, पत्र्याच्या मुतारीत शिरला आणि नुसताच उभा राहिला. थेंब येईना. घरी नळ सोडून पाहिला, पोट शेकून पाहिलं. शेवटी बायकोनेच त्याला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई त्याच्या मुलीच्या वयाची होती. तिने नळी घालून दीड लिटर काढलं आणि तो छताकडे पाहत राहिला.

"मूत्राशयाला आतून अस्तर असतं," ती म्हणाली. "त्याला घड्या असतात, भरेल तशा उलगडतात. तुम्ही घड्या संपल्यावरही ताणलंत, म्हणून वरचा थर सोलवटलाय. खालून नवा येईल, पण त्याला विश्रांती द्या. आठवडाभर नळी राहू दे. मग घड्याळ लावून दर दोन तासांनी जायचं, लागो वा न लागो."

तेवढ्यात मुकादमाचा फोन आला. ऑपरेटरने बायकोला दोन्ही हातांनी 'सांगू नकोस' असं खुणावलं आणि घाबरून हात छातीवर ठेवले. आयुष्यात खोटं न बोललेल्या बायकोला तेवढंच सुचलं. "त्यांच्या छातीत दुखतंय हो."

दुसऱ्या दिवशी मुकादम चार कामगारांना घेऊन घरी हजर. ऑपरेटरने चादर गळ्यापर्यंत ओढली. पलंगाला लटकवलेल्या पिशवीवर बायकोने टॉवेल टाकला.

"काका, काळजी करू नका," मुकादम म्हणाला. "जीव आहे तर सगळं आहे."

त्याचे डोळे भरून आले होते. ऑपरेटरला इतकी लाज वाटली की छातीत खरंच कळ आली.

नळी निघाली आणि तो कामावर गेला, तर मुकादम त्याला शिडीला हात लावू देईना.

"छातीच्या माणसाला वर पाठवू? गेटवर खुर्ची टाकलीय तुमच्यासाठी. येणारे-जाणारे लिहा."

बावीस वर्षं तो त्या उंचीवर एकटा बसला होता. जमिनीवर त्याला दुसरं काही येत नव्हतं. त्याने मुकादमाच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

"मुकादम, छातीला काही झालेलं नाही."

"मग कुठे झालंय?"

"खाली."

"पायाला?"

"पायाच्या वर."

मुकादमाला काही उमगेना. शेवटी ऑपरेटरने डॉक्टरांचा कागद टेबलावर ठेवला आणि स्वतः भिंतीकडे तोंड केलं. मुकादमाने तो ओठ हलवत दोनदा वाचला.

"कुणाला सांगू नका," ऑपरेटर म्हणाला.

"माझ्या तोंडून शब्द बाहेर पडणार नाही. पण दोन तासांचं मी बघतो. तुम्ही विसराल."

दुसऱ्या दिवशी आठला तो वर चढला. दहाच्या ठोक्याला भोंगा वाजला. मिक्सर थांबले, हातोडे थांबले. त्याने खाली पाहिलं, तर दीडशे पिवळी हेल्मेटं वर वळलेली.

"काका, दोन तास झाले, खाली या," मुकादम कर्ण्यातून म्हणाला. "बाकीच्यांनी कारण विचारू नये. मी सांगणार नाही."

वीस मिनिटं तो शिडी उतरत होता आणि वीस मिनिटं दीडशे माणसं त्याच्याकडे बघत होती. मुतारीपर्यंत त्यांनी अदबीने वाट करून दिली. त्याने आत शिरून कडी लावली. बाहेर इतकं शांत होतं की कुणीतरी खोकलं तेही ऐकू आलं. तो उभा राहिला. डोळे मिटले, पाण्याचा विचार केला, डॉक्टरीणबाईचा केला, पुन्हा पाण्याचा केला. थेंब येईना.

पत्र्यावर हलकेच टकटक झाली.

"काका, घाई करू नका," मुकादम हळू आवाजात म्हणाला. "आम्ही सगळे थांबलोय."