वेंडेलराव हॅगर्टी यांनी बाळ राखिले त्याची हकिकत

विदित व्हावे ऐसीजे, टेक्सास मुलखी अमरिलो कसब्याचे वेंडेलराव हॅगर्टी, अमेरिकी फुटबॉलातले क्वार्टरबॅक, गनिमाचे पहिलवान अंगावर येण्याआधी मोकळा गडी हेरून चेंडू त्याचे पदरी फेकण्यात उभी हयात वाकबगार, त्यांस संघाने वयाचे सबबीवर नारळ दिला, आणि मग तोंड रंगवून कीर्ती मिळवावी या मसलतीने स्वारी हॉलिवूडास दाखल जाहली. कुटुंब लोरेटाबाई यांनी फर्मान सोडिले की, एवढे एक सोंग वठले तर ठीक, नाहीतर माघारी येऊन आमचे बंधूंचे दुकानी ट्रॅक्टर विकावे. रावांस मेव्हण्याची चाकरी मरणाहून जड वाटे.

सोंग दुःखी बापाचे मिळाले. तान्हे बाळ उराशी, गुंड चालून येतात, बापाने पाठ करून बाळ झाकावे, मार खावा आणि रडावे, इतकाच मजकूर. बाळ रबराचे होते. इशारत होताच गुंड धावले, आणि रावांची नजर सवयीने लांब गेली, तिकडे कॉफी वाटणारी मुलगी मोकळी उभी, मग रावांनी बाळ असे भिरकाविले की गरगरत थेट तिचे कवेत. कॉफी धारातीर्थी पडली. रावांनी दोन्ही हात उभारून जयघोष केला.

दिग्दर्शिका रोझलिनबाई खवळल्या, "अहो, बाळ आहे ते! पोटचं पोर फेकतं का कुणी?"

"पण ती मोकळी होती ना!" राव म्हणाले.

पुढले खेपेस बाळ दिवेवाल्यास पोचले, आणि मग खुद्द रोझलिनबाईंस. नेम एकदाही चुकला नाही, हेच दुर्दैव. अखेर बाईंचा हुकूम सुटला की, बाळ हातास चिकटपट्टीने जखडावे, आणि तरीही उडाल्यास रावांनी घरचा रस्ता धरावा. गुंड आले, राव फेकू गेले, बाळ सुटेना, आणि मग सगळ्यांखाली चिरडून गुडघा निखळला व रावांनी हंबरडा फोडिला. रोझलिनबाईही ढसाढसा रडल्या.

चित्रपट लागला तेव्हा सारे थेटर मुसमुसत होते. राव शेजारी बसल्या कुटुंबास हळूच पुसते जाहले, "कसं झालंय काम?"

"काम कसलं डोंबलाचं! गुडघा गेलाय तुझा. मला फसवतोस?" लोरेटाबाईंनी डोळे पुसले. "आता बक्षीस मिळेस्तोवर लंगडू नकोस, नाहीतर बिंग फुटेल, सांगून ठेवते."

मग बक्षीस जाहीर जाहले, आणि राव प्राण कंठाशी आणून, हसतमुखाने, मंचाच्या पायऱ्या ताठ मानेने चढले. येणेप्रमाणे हॉलिवूड फत्ते जाहले आणि मेव्हण्याचे ट्रॅक्टर टळले. हयातीतला खरा अभिनय रावांनी त्या पायऱ्यांवर केला. त्यास बक्षीस कोणी दिले नाही, सबब येथे नोंद केली असे.