आधी करून बघ, मंग काढ

आमचे वायाळ सर सोमवारी लंगडतात. मंगळवारी त्यांना सातवा महिना असतो. बुधवारी त्यांच्या पाठीवर सरकीचं पोतं असतं. ते कोणालाच दिसत नाही, पण मस्तगडच्या गल्लीतून जाताना सर मधूनच थांबून ते खांद्यावर सारखं करतात. नवीन माणूस हात द्यायला धावतो. जुने दुकानदार नुसते म्हणतात, "जाऊ द्या, सरांचा क्लास चालू हाय."

सर अ‍ॅनिमेशन शिकवतात. मी केदारखेड्याहून जालन्याला मावशीकडे राहायला आले, ती त्यांच्याच क्लाससाठी. वाटलं होतं, कॉम्प्युटर असतील, एसी असेल. भांड्यांच्या दुकानावरच्या खोलीत गेले तर बंद पडलेल्या सलूनमधून आणलेला भिंतभर आरसा, आणि त्याच्यापुढं सर. म्हातारी होऊन नसलेला हंडा उचलत होते. "आधी करून बघ, मंग काढ," एवढं मला म्हणाले आणि परत हंड्याला लागले.

चित्रातलं पोतं जड वाटेपर्यंत कॉम्प्युटरला हात लावायचा नाही, हा नियम. कागदावर कागद ठेवून हालचाल थोडी थोडी पुढं काढायची, मग अंगठ्यानं फर्रकन पानं सोडायची आणि बघायचं, जीव आला का. माझ्या कागदावरच्या माणसात तो बिलकुल येत नव्हता. "हा चालून न्हाई राह्यला पोरी, घसरून राह्यला," सर म्हणायचे. "ह्याचं वजन कुठं गेलं?"

जुन्या काळच्या अ‍ॅनिमेटरांना सर 'आपले म्हातारे' म्हणतात. त्यांचा विषय निघाला की गवयासारखा कानाच्या पाळीला हात. त्यांच्या फिल्मा आवाज बंद करून, एकेक चित्र पुढं सरकवत दाखवायचे. "बघ, उडी मारायच्या आधी खाली बसला का न्हाई? आपले म्हातारे आधी तयारी दाखवायचे, मंग काम. आरशात तोंडं वाकडी करकरून शिकले ते." एकदा घरमालकांनी विचारलं, "सर, हे म्हातारे तुमचे कोणत्या गावचे?" सर गंभीरपणे म्हणाले, "लांबचे हायेत. पण घरचेच."

हे वेड अंगाशीही यायचं. बाजारात एका बाईंची चाल आवडली म्हणून सर त्यांच्या मागं तश्शीच कंबर हलवत निघाले. बाईंचे मिस्टर वळले आणि हात उगारला. सर शांतपणे म्हणाले, "वहिनींचा डावा गुडघा दुखून राह्यला, बराबर? दाखवून घ्या." मिस्टरांच्या आधी बाईच बोलल्या, "मी दिवाळीपासून सांगून राह्यले, तुमचं ध्यान कुठं हाय?" मिस्टरांचा हात मुकाट्यानं खाली आला, आणि वरात तिथून थेट डॉक्टरकडं.

मग पुण्याच्या एका स्टुडिओत जागा निघाली. एक छोटी फिल्म करून पाठवायची होती. आमचे अण्णा म्हणाले, "जमलं तर जा. न्हाई जमलं तर गपगुमान बी.एड. कर." मला बी.एड. नको होतं. माझी गोष्ट साधी होती: म्हातारा लेकाची वाट बघत बसलाय, लेक येतो, म्हातारा दार उघडतो. सगळं जमलं, ते वाट बघणं जमेना. माझा म्हातारा स्टँडवर बशीची वाट बघतोय असा दिसायचा.

"सर, तुम्ही करून दाखवा ना," मी म्हणाले.

ह्या माणसानं मला व्याणारी गायसुद्धा करून दाखवली होती. पण त्या दिवशी ते आरशाकडं गेलेच नाहीत. खुर्चीत बसले, खिशातून मोबाईल काढून हैदराबादच्या मुलाला लावला आणि स्पीकरवर टाकला. "घे कागद. हे मला करून दाखवावं लागत न्हाई."

सरांच्या घरच्या काकू वारल्यापासून सर क्लासच्या खोलीतच एकटे राहतात, हे मला माहीत होतं. त्यापुढचं मी कधी विचारलं नव्हतं.

रिंग वाजत राहिली. मी काढत राहिले. मोबाईल गुडघ्यावर, त्याच्यावर हात अलगद, कोंबडीच्या पिल्लावर ठेवावा तसा. नजर दाराकडं. रिंग आपोआप थांबली.

"झालं का? का परत लावू?"

"झालं सर." झालं नव्हतं. पण परत लावा म्हणायला माझी जीभ उचलेना.

मी कागद गोळा करत होते, तेवढ्यात मोबाईल वाजला. सर उठून उभे राहिले. शर्टाची कॉलर नीट केली, डोक्यावरून हात फिरवला, मग फोन उचलला. साधाच कॉल होता, व्हिडिओ नव्हता.

"काही न्हाई बाळा, सहज केल्ता. जेवला का? बरं, बरं. कामात असशील. ठेव."

घरी जाऊन मी फिल्मचा शेवट पुन्हा काढला. आता माझा म्हातारा दार उघडायच्या आधी कॉलर नीट करतो.

पुण्यात मला घेतलं. मुलाखतीच्या मॅडमनी तेवढा तुकडा मागं घेऊन परत पाहिला आणि चष्मा पुसत बसल्या. आज मी इथं आहे ती सरांमुळं, हे मी कोणालाही सांगते. त्या दिवशी बाहेर येऊन पहिला फोन अण्णांना नाही, सरांना केला. सरांनी पहिल्याच रिंगला उचलला.

"सर, झालं माझं काम. त्यांना ती कॉलर लई आवडली. तुमचीच काढली मी."

सर म्हणाले, "कोणती कॉलर, पोरी?"