सरांची सुई आणि आक्काची विहीर

आमचे दत्ताराम सर कुणाकडे पाहुणे म्हणून गेले की पुढे आलेलं पाणी पीत नाहीत. खिशातून इवलीशी बाटली काढून तिच्यात ओततात. माझ्या साखरपुड्यात त्यांनी हे माझ्या सासऱ्यांसमोर केलं. सासरे बिचारे ओशाळून दुसरा तांब्या घेऊन आले. सरांनी त्याचीही बाटली भरली.

सर आमच्या कर्जतच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात, मी इतिहास. पाण्यातलं शिसं पकडणारी सुई बनवायची, हा त्यांचा ध्यास. सुईचं टोक इतकं बारीक की डोळ्यांना दिसत नाही. त्यावर ते पॉलिमरचा, म्हणजे प्लास्टिकच्याच जातीतला थर चढवतात. तो शिसं ओढून धरतो, बाकीचं बाहेर ठेवतो. मग कणभर शिशानेही सुईतला विजेचा प्रवाह हलतो आणि जोडलेल्या यंत्रावर ते दिसतं. "सारवण्यासारखं हाय," सर सांगतात. "जाड झालं तर आत काय शिरत नाय, पातळ झालं तर पोपडे निघतात." थर वाळेपर्यंत प्रयोगशाळेत पंखा बंद. एकदा प्राचार्य शिंकले, तर सरांनी त्यांनाच बाहेर काढलं. यंत्रावर काहीच दिसत नाही असं कुणी म्हटलं की उत्तर ठरलेलं, "दिसत नाय म्हणजे नाय असं नाय!" स्टाफरूममध्ये आम्ही याची नक्कल करून पोट धरून हसायचो.

हे सगळं आक्कासाठी होतं, ते फार उशिरा कळलं. सरांची ही थोरली बहीण खालापूरकडच्या एका गावात एकटी राहते. दाराशीच विहीर. शेजारी कारखाना उभा राहिला आणि सरांना धास्ती बसली. बाहेरच्या प्रयोगशाळेत पाणी तपासलं, त्यात काही निघालं नाही, तरी सर म्हणाले, "मी सांगेपर्यंत त्या पाण्याला हात लावू नको गं." आक्का भावाच्या शब्दाबाहेर नाही. ती वर्षानुवर्षं टेकडीपलीकडच्या झऱ्यावरून हंडे आणत राहिली, आणि सर थर सुधारत राहिले. सुई तयार झाली तरी त्यांचं समाधान होईना. अजून बारीक पकडायला हवं, एवढंच.

यंदा होळीच्या आधी सुई मनासारखी झाली. सरांनी मलाही सोबत नेलं. विहिरीचं पाणी परत परत तपासलं. शिशाचा मागमूस नाही. सर पोरासारखे घरात धावले.

"आक्का, पाणी चांगलं हाय गं! पयल्यापासून चांगलंच व्हतं!"

आक्का खाटेवर हंडे वाहून झिजलेले गुडघे चोळत बसली होती; झऱ्याचं पाणीही आता शेजारीण आणून देत होती. "बरं झालं रं बाबा," ती हसली. "पण आता मला विहिरीवर जाववत नाय."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती, तेच मला ऐकवेना. हंडा उचलून सर विहिरीवर गेले आणि घरातलं एकूण एक भांडं भरू लागले. कळशी, पातेली, देवापुढचा तांब्यासुद्धा. सगळं भरलं, तरी ते पुन्हा दोर घेऊन निघाले.

"पुरं झालं रं पाणी," आक्का म्हणाली. "जरा माज्यापाशी बस."