अक्कांची पसंती आणि इटलीचा बादशहा

मुलगी बघायला म्हणून केसरबाई अक्का पारोळ्याहून एस.टी.नं जळगावला आल्या, तेव्हा मुलगी बैठकीत स्टुलावर ठेवलेली होती. म्हणजे स्टुलावर टेपरेकॉर्डर होता आणि मुलगी कॅसेटमध्ये होती.

अक्कांचा भाचा पंडित इंजिनीअर होऊन जर्मनीला गेला होता आणि तिथल्या क्रिस्टा नावाच्या गाणाऱ्या मुलीशी त्याला लग्न करायचं होतं. आता त्याच्या वडिलांना, रुपचंदभाऊंना, आईमागं वाढवलं ते या थोरल्या बहिणीनं. अक्कांनी मुलगी पाहून 'पसंत' म्हटल्याशिवाय या घरात कुणाचं लग्न ठरलं नव्हतं. पंडितनंही फोनवर तेच सांगितलं होतं, "आई, अक्का हो म्हणाली तरच करीन. नाहीतर राहीन असाच." त्या 'असाच'नं त्याच्या आईची, मंदाबाईंची झोप उडाली होती.

मुलीला यायला सुट्टी नव्हती, म्हणून मित्राबरोबर कॅसेट आल्या. अडीचशे वर्षांपूर्वीचं इटलीचं संगीत नाटक, त्यात क्रिस्टाचं काम. कोणतं काम, हे मंदाबाईंनी विचारेपर्यंत फोन कटला होता. "आवाज ऐकशील तर कळेलच तुला," एवढं मात्र त्याआधी कानावर पडलं होतं. सोबत एक फोटो होता. त्यात रंगमंचावर पाच माणसं, आणि पाचांच्याही डोक्यावर पांढरेशुभ्र केस.

अक्कांनी फोटो लांब धरून पाहिला. "रुप्या, ह्या ते बठ्ठा म्हातारा शेतस!"

"टोप आहेत ते अक्का. नाटकातले."

"मंग मी तोंड काय देखू? ना केस दिसतस, ना वय."

"तोंड नाही बघायचं. ऐकायचं," रुपचंदभाऊ म्हणाले.

तरी कार्यक्रम रीतीप्रमाणेच झाला. पोहे झाले. अक्कांनी टेपरेकॉर्डरच्या कपाळावर, म्हणजे कॅसेटच्या झाकणाच्या वर, कुंकू लावलं. मंदाबाईंनी एक बशी सवयीनं त्याच्यासमोरही ठेवली आणि मग लाजून उचलली.

भाऊंनी बटण दाबलं. तारांच्या पेटीवर टिणटिण झाली, कुणी भराभर बोलल्यासारखं गायलं आणि मग एका बाईनं असा काही खणखणीत स्वर लावला की अक्कांचा घास हातातच राहिला.

"हाई कोन शे?"

"राजमाता असणार," भाऊ म्हणाले. नाटकाच्या नादामुळे या बाबतीत घरात त्यांचा शब्द चालायचा. "हुकूम सोडतेय बघा."

"राजाच नसेल कशावरून?" मंदाबाई म्हणाल्या.

"बाईच्या गळ्याचा राजा? आपल्याकडे तमाशात बाप्या लुगडं नेसून नाचतो, इथवर ठीक. बाई कधी राजा झालेली पाहिलीस?"

पाहिली नव्हती.

गाणं संपल्यासारखं झालं, थोडं वळलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. भाऊ उठले. "कॅसेट अडकली."

"बसा हो. अडकली नाही," मंदाबाई म्हणाल्या. "पहिल्यांदा कुणी ऐकलं नाही, म्हणून पुन्हा सांगतेय. दुसऱ्यांदा जरा नटवून. मी नाही का तुम्हाला दळणाचं सांगत?"

अक्का फसकन हसल्या, पण डोकं नकारार्थीच हललं. "हाई घरमा उनी ते माले बी कामले लावी. हाई नको."

मग दुसरी आली. ही रडत होती. काय म्हणून रडत होती ते कुणाला कळलं नाही, पण इतकं मऊ, इतकं सोसून रडत होती की अक्कांनी डोळ्यांना पदर लावला. "हाई पोर. आवाजमा माया शे. पसंत!"

भाऊंनी सुटकेचा श्वास सोडला. पुढच्या कॅसेट आता नावालाच चालू होत्या. शेवटाकडे तो खणखणीत आवाज पुन्हा आला, पण या वेळी अगदी लहान होऊन. दरबार उठल्यावर एकटंच माणूस बसून राहावं तसा. चहा गाळता गाळता मंदाबाईंचा हात थांबला. 'कळेलच तुला.' त्यांनी अक्कांकडे पाहिलं. अक्का सुपारी कातरत होत्या. त्यांचा निकाल लागून गेला होता. मंदाबाईंनी चहा गाळला.

संध्याकाळी शेजारच्या तोताराम वकिलांकडे पंडितचा फोन आला. जर्मनी लांब, म्हणून अक्का ओरडूनच बोलल्या. "पोर पसंत शे रे! ती रडस ना, ती. पन ती दुसरी, हुकूम करस ती, तिना वारा बी लागू देऊ नको!"

मंदाबाई आणि भाऊ रिसीव्हरला कान लावून उभे होते. मग पंडित म्हणाला, "अक्का, रडणाऱ्या त्या क्रिस्टाच्या गुरू. आजी झाल्यात त्या."

"आनि ती हुकूमवाली?"

"तो बादशहा. बादशहाचं कामच क्रिस्टाचं. या नाटकांत मोठ्या वीरांना असाच उंच आवाज असतो. पूर्वी उंच गळ्याचे पुरुष गायचे, आता बायका गातात."

अक्कांनी रिसीव्हर कानापासून दूर धरला. आजवर त्यांनी दिलेला शब्द फिरवला नव्हता. बैठक सुरू होती तोवर त्याचा सगळ्यांना अभिमान होता. आता सगळ्यांना त्याचीच भीती वाटू लागली.

"मला वाटलंच होतं," मंदाबाई हळूच म्हणाल्या.

"मंग बोलनी का नही?"

"तुम्ही बोलला होता ना."

अक्कांनी रिसीव्हर पुन्हा कानाला लावला.

"अक्का," पंडितचा आवाज बारीक झाला, "तुझं नको म्हणजे नकोच का?"

अक्कांनी उलट विचारलं, "तो बादशहा शेवटले काय करस?"

"शेवटी? त्याच्याविरुद्ध कट केलेल्या सगळ्यांना माफ करतो. या नाटकांतल्या बादशहाला ते करावंच लागतं."

"बठ्ठासले?"

"बठ्ठासले, अक्का."

"मंग माले बी माफ करी. दे तिले फोन."

पलीकडे कुजबुज झाली, आणि मग कुणीतरी पाठ करून घेतलेले दोन शब्द, दाराशी उभ्या तोतारामांनाही ऐकू जातील असे, खणखणीत आले, "नमस्कार, अक्का!"

ज्यांच्यासमोर सगळ्या सुना आजवर डोक्यावरून पदर घेत आल्या, त्या अक्कांचा हात आपोआप डोक्याकडे गेला. पदर नीट पुढे ओढून त्या हळू आवाजात म्हणाल्या, "जी."