पुंजामामांची वाटी आणि तळ्याचा काठ

पुंजामामा आमच्या घरी आले, की बसायच्या आधी वाटी ठेवत. पितळेची लहानशी वाटी, काठोकाठ पाण्यानं भरलेली. मळ्यापासून आमच्या ओट्यापर्यंत ती हातात धरून आणत आणि वाटेत एक थेंब सांडू देत नसत. ओट्यावर वाटी ठेवून तिच्यासमोर उकिडवे बसत. पाणी जिकडून ओघळेल तिकडे बोट दाखवून माझ्या वडिलांना म्हणत, "गनपतभाऊ, तुमचा ओटा उगवतीकडे रुसला हाये." मग त्याच रुसलेल्या ओट्यावर मजेत मांडी घालून चहा घेत.

गावातली एकही सपाट जागा या परीक्षेतून सुटली नव्हती. मारुतीचा पार नापास, शाळेतलं टेबल नापास. एका लग्नात तर नवरदेवाच्या पाटाखाली चिंचोका सरकवून मगच त्यांनी अंतरपाट धरू दिला. कुणी वाद घातला तर उत्तर ठरलेलं : "मले नोका इचारू. पान्याले इचारा."

जऊळक्याच्या स्टेशनाच्या अलीकडे, ओढ्याला लागून त्यांचा मळा होता. वांगी, मेथी, कांदे आणि मधोमध एक तळं, बैलगाडी वळेल एवढं. त्यांच्या बायकोनं, सोनामामींनी, कामरगावच्या माहेरून कमळाचे कंद आणून त्यात लावले होते. रोज सकाळी त्या काठावर बसून महादेवासाठी फुलं काढत. पुढे डोळ्यांना अंधुक दिसू लागलं, तरी येत. मग एकदा खचलेल्या काठावर पाय पडला आणि मामी कंबरेपर्यंत पाण्यात गेल्या. फारसं लागलं नाही, पण तेव्हापासून त्या मळ्यात उतरल्या नाहीत. मळ्याच्या टोकाला घर होतं, त्याच्या दारात भाजी निवडत बसायच्या.

त्याच आठवड्यात मामांनी पारावर जाहीर केलं, की येत्या अखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, काठ चहूबाजूंनी एका पातळीत आला तर ठीक, नाहीतर तळं बुजवून तिथं वांगी लावणार. काहून, असं लोकांनी विचारलं. "वाकड्या काठात पान्याचा अपमान होते," मामा म्हणाले. गावाला वर्षभराची करमणूक मिळाली.

पहिला प्रयोग फुकटच्या काळ्या मातीचा. पावसाळ्यात ती फुगली, काठ उंच झाला, मामा खूश. हिवाळा सरताना ती अशी भेगाळली, की एका भेगेत मामांचा अडकित्ता गेला तो गेलाच. मग विटा. भट्टीवर जाऊन त्यांनी एकेका विटेवर वाटी ठेवून पाहिली आणि शंभरातल्या एकोणीस पसंत केल्या. कुंभार म्हणाला, "मामा, पोरीसाठी स्थळ पायलं तवा बी मी एवढं नाई पायलं." तेवढ्यांत काठ होईना, म्हणून ओढ्यातले काळे दगड आले. ते बसवायला चुना मळला, आणि चुन्यात गूळ घालतात म्हणून मामांनी सढळ हातानं घातला. दुसऱ्या दिवशी अख्ख्या तळ्याभोवती मुंग्यांची रांग. "पहा," मामा म्हणाले, "मुंग्या तं एका रेषेत चालून राह्यल्या." पण खालची काळी माती हललीच. दगडांची ओळ दात पडलेल्या तोंडासारखी दिसू लागली.

मी तेव्हा नागपूरहून बी.ए. होऊन नुकताच आलो होतो. आमच्या घराण्यात पहिलाच. शिकायला निघालो तेव्हा माझी ट्रंक पुंजामामांच्याच गाडीतून स्टेशनावर गेली होती, आणि दर सुट्टीनंतर त्यांची वांगी माझ्यासोबत नागपूरला येत. आपली विद्या त्यांच्या कामी यावी असं मला मनापासून वाटे. पदवी मिळाल्यापासून ते मला मास्तर म्हणत, अहो-जाहो करत. राग आला तरच 'तू' वर येत.

मी एका ओळखीच्या ओव्हरसियरकडून पातळी पाहायची बुडबुड्याची पाणसळ मागून आणली. मामांनी ती कानाजवळ हलवली. "मास्तर, याच्यात पानी कोंडून ठेवलं हाये," ते म्हणाले. "कोंडलेला मानूस कधी खरं बोलते का?" पाणसळ परत गेली.

अखाजीला पंधरा दिवस उरले. मामा तळ्याकाठी डोकं धरून बसले होते, मी शेजारी भूमितीची वही घेऊन. तेवढ्यात दारातून मामींचा आवाज आला.

"अवो, आपल्या धाब्यावर पांढरी माती हाये. तीस पावसाळे झाले, एक भेग नाई. घराले चालते, मंग तळ्याले काहून नाई चालत?"

 मामांनी घराच्या सपाट मातीच्या छपराकडे पाहिलं, मग माझ्या वहीकडे. वही मी मिटली.

जुन्या गढीची पांढरी माती गाड्या भरून आली. काठाची काळी माती मुरुम लागेपर्यंत खोदून काढली, पांढरी चाळून, भिजवून, थराथरानं चोपली, आणि वर हरळीची ढेकळं मुळांसकट बसवली. हरळीची मुळं माती धरून ठेवतात, हे मामांनी मला तीनदा सांगितलं, जणू हा शोध त्यांचाच होता.

अखाजीच्या सकाळी अर्धा गाव मळ्यात. बैल मोट ओढत होते, तळं चढत होतं. पाणी काठाला टेकलं, फुगलं, आणि एका जागेवरून ओघळलं. लोक हसले. कुणीतरी वांग्याचं बी आणू का, असंही विचारलं. मामांचा चेहरा उतरला. ते पोटावर पालथे पडून त्या जागेकडे रोखून पाहू लागले, मग हळूच मान वर केली.

"बाजूले सरक, लेका. तुह्या पायानं दबलं."

मी तिथेच उभा होतो. मी उडी मारून मागे झालो. मामांनी हरळी उचलून खाली मूठभर माती सारली, तळव्यानं थोपटली. पाणी पुन्हा चढलं आणि सगळ्या बाजूंनी एकाच वेळी हरळी ओली झाली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण वांग्याच्या बियाचं पुन्हा कुणी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाजी घ्यायला गेलो. मामा बांधावर तळ्याकडे पाठ करून बसले होते, हातात भरलेली वाटी. त्यांच्या मागे, काठावरच्या हरळीवरून, सोनामामी अनवाणी चालत होत्या. काखेत फुलांची टोपली, दुसरा हात हवेत किंचित पुढे.

मी मामांजवळ बसलो. त्यांनी मान वळवली नाही.

"फिरून राह्यली का?"

"हो."

"कोनाचा हात धरून?"

"कुणाचाच नाही, मामा."

त्यांनी मान हलवली. मग मी पाहिलं, वाटीतलं पाणी हिंदकळून त्यांच्या धोतरावर सांडत होतं, आणि मामांना ते कळलंही नव्हतं.