अकरा लाख मावश्या

जगाला काय हवं आहे, हे जगाला विचारूनच ठरवलं जातं. या कामासाठी एक संस्था आहे. तिच्या शाखा छत्तीस देशांत आहेत आणि त्यातल्या एका शाखेत भाचा नोकरीला आहे. त्याची मावशी तिथून दोन गल्ल्या पलीकडे राहते. जग तिला विचारून चालतं, हे मात्र दोघांनाही बराच काळ ठाऊक नव्हतं.

झालं असं, की भर दुपारी त्या संस्थेची एक मुलगी प्रश्न विचारायला मावशीच्या दारात आली. हातात टॅबलेट, कपाळावर घाम. वडीचा साबण बरा, की बाटलीतला नवा, फेसाचा? मावशी जन्मभर बिनवासाची पांढरी वडी वापरत आलेली. दुसरं काहीही लावलं की तिच्या अंगाला खाज सुटते. पण मुलगी तीन जिने चढून आली होती, आणि ‘फेस’ म्हणताना बिचारीचा चेहरा उजळला होता.

“फेसाचा चांगलाच असेल गं,” मावशी म्हणाली. “आत ये, पाणी पी आधी.”

थोड्याच दिवसांत पांढरी वडी बाजारातून गेली.

“लोकांना नको होती, काकू,” दुकानदार म्हणाला.

“कुठल्या लोकांना?”

“ते आपल्याला काय माहीत? वर ठरतं सगळं.”

फेसाने लाल झालेल्या हातांना मलम फासून मावशी थेट भाच्याच्या कार्यालयात गेली. संशोधनप्रमुखांनी तिला अदबीने खुर्ची दिली आणि पडद्यावरचा एक उंच निळा खांब दाखवला.

“साठीपुढच्या, एकट्या राहणाऱ्या स्त्रिया. अकरा लाख. फेसाला पसंती, शंभर टक्के.”

“मला खाज सुटते हो.”

“समजू शकतो. पण मॅडम, एका बाईचं म्हणणं हा किस्सा असतो. अकरा लाख बायकांचं म्हणणं हा कल असतो. किश्शासाठी कल वाकवता येत नाही.”

खरा प्रकार भाच्याने जिन्यात सांगितला. “मावशी, त्या गटात दार उघडणारी तू एकटीच. बाकीच्या दाराच्या भिंगातून बघून गप्प बसल्या. मग तुझ्या उत्तराला अकरा लाखांनी गुणलं. पद्धतच आहे तशी.”

“मेल्या, मग सांग ना साहेबाला, त्या अकरा लाख म्हणजे मीच!”

“सांगितलं. ते म्हणाले, मग तर त्यांनी स्वतःच्या मताचा आदर करायला हवा.”

मावशी नुसत्या पाण्याने आंघोळ करू लागली. खाज थांबली, पण अंग धुतल्यासारखं वाटेना. पुढच्या फेरीत तीच मुलगी आली, तेव्हा मावशी दारातच ठणकावून म्हणाली, “लिही, पांढरी वडी पाहिजे.”

“तो पर्याय यादीत नाही, आजी. बंद झालेल्या वस्तू इथे दिसतच नाहीत. सध्या काय वापरता?”

“काय वापरणार? कपाळ! नुसतं पाणी.”

मुलीने ‘पाणी’वर बोट टेकवलं.

अहवालाचं नाव होतं ‘साबणानंतरचं जग’. अकरा लाख स्त्रियांनी स्वेच्छेने साबणाचा त्याग केला होता. छत्तीस देशांत परिषदा भरल्या. एका तत्त्वज्ञाने फेसाला संस्कृतीचा अहंकार म्हटलं आणि दुसऱ्याच दिवशी फेस लावणाऱ्यांना कार्यालयांतून लाज वाटू लागली. संशोधनप्रमुखांना बढती मिळाली. लगोलग ‘निखळ’ बाजारात आलं: उंच, निमुळती बाटली, आत फेस नाही, वास नाही, रंग नाही.

पहिली बाटली घेऊन भाचा मावशीकडे गेला. “खास तुझ्यासाठी. तुझंच मत आहे हे.”

मावशीने थोडं तळहातावर ओतलं, हुंगलं, हातावर चोळलं. खाज सुटली नाही.

“अरे, एक वडी आणायची होतीस.”

“यादीत नाही गं.”

निखळचा खप उत्तम आहे. तुमच्याही न्हाणीघराच्या फळीवर एक बाटली असेलच. त्या दुपारी बेल वाजली, तेव्हा भिंगातून बघून तुम्हीही गप्प बसला होतात. बाटलीच्या मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत घटक छापले आहेत. एकच आहे. पाणी.