शंभर कोटी मोजणारा प्रोग्राम

"बाबा, तुमच्या प्रोग्रामला आता निवृत्त करा!" जावईबापूंनी रविवारी जेवताना जाहीर केलं. "माझा नवा अडला, तर मी स्वतः दारात उभा राहून नंबर पुकारीन!"

जावईबापूंच्या बायकोची रक्ततपासणीची लॅब. सकाळी चाळीस माणसं उपाशीपोटी येऊन बसत आणि स्पीकरवरून एकेकाचा नंबर पुकारला जाई. तो पुकारणारा प्रोग्राम सासऱ्यांनी लिहिलेला. सासरे म्हणजे गणिताचे निवृत्त मास्तर! कॉम्प्युटर तो एकेक ओळ वाचत, रमतगमत चालवायचा. जावईबापूंना एक टूल सापडलं होतं. असला प्रोग्राम त्यात घातला की थेट यंत्राच्या भाषेत उतरून बाहेर येतो आणि शंभरपट पळतो!

"अरे, चाललंय ते चालू दे की," बायको म्हणाली.

ऐकतात कसले! जावईबापू जुना प्रोग्राम कायमचा पुसूनही मोकळे झाले.

सोमवारी सकाळी सात वाजता बायको हातमोजे घालून बसली. जावईबापूंनी ऐटीत बटण दाबलं.

स्पीकरने एका दमात चाळीसही नंबर पुकारले आणि गप्प बसला.

चाळीस उपाशी माणसं एकदम उठली! "माझा नंबर झाला!" "अहो, माझाही झाला!" दारात ही झुंबड! एका काकांनी तर बाही सरसावून नुसता दंडच आत घातला. "आधी माझं घ्या, चक्कर येतेय मला!"

"बाबांना बोलाव!" बायको आतून ओरडली. "एक जरी माणूस परत गेला ना, तर बघ!"

सासरे धापा टाकत आले. "दोन नंबरांच्या मध्ये तो शंभर कोटीपर्यंत मोजायचा. त्याला चार मिनिटं लागायची, तेवढ्यात एकाचं रक्त घेऊन व्हायचं. ते मोजणं कुठं गेलं?"

जावईबापूंचा चेहरा खर्रकन उतरला. एवढं मोजून पुढे काहीच होत नाही, असं पाहून टूलने ते मोजणं बिनकामाचं म्हणून गाळून टाकलं होतं!

"पण बाबा, सरळ घड्याळ लावायचं ना!"

"मी गणिताचा मास्तर. मला मोजता येतं, म्हणून मोजलं."

मग सासरे एका बोटाने प्रोग्राम पुन्हा टाइप करायला बसले आणि जावईबापू दारात उभे राहिले. दर चार मिनिटांनी एक नंबर! अकराव्या नंबरापर्यंत घसा बसला.

बारा नंबरच्या आजी उठता उठता म्हणाल्या, "जुना बरा होता हो. मध्येच पाणी प्यायला जात नव्हता."